अण्णांचा राहिलेला घोट

जड लाकडी दार पाठीमागे मिटलं आणि जूनमधलं ऊन बाहेर राहिलं. आत पहिल्यांदा जाणवला तो वास. पॉलिश चढवलेल्या लाकडाचा, तळलेल्या बटाट्यांवर शिंपडलेल्या व्हिनेगरचा, कुठेतरी पिळून टाकलेल्या ओल्या फडक्याचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक गोडसर, दमट वास, पावसाळ्यात कणगीचं झाकण उघडलं की धान्याचा येतो तसा. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत मी त्या वासातच उभी राहिले. शनिवारची दुपार, अडीच वाजत आलेले. माझ्या हातात वही होती आणि वहीत पाच मुद्दे.

हा पब दुबईत, आमच्या अल मनखूलमधल्या घरापासून चालत अकरा मिनिटांवर, एका जुन्या हॉटेलच्या तळमजल्यावर आहे. इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातला पब उचलून इथे आणून ठेवावा, असं बांधणाऱ्याच्या मनात असावं. डोक्याला लागतील इतक्या खाली काळ्या तुळया आहेत. टिचकी मारली तर त्या पोकळ वाजतात. शेकोटी आहे, तिच्यात नारिंगी दिव्याच्या ज्वाळा हलतात आणि वरून एसीचा झोत येतो. भिंतीवर घोड्यांच्या साजावरची पितळी पदकं आहेत. छोट्या चौकटींच्या खिडक्यांमागे कुरण नाही, पार्किंगची भिंत आहे, पण त्या भिंतीवर कोणीतरी असा दिवा लावलाय की खिडकीतून कायम संध्याकाळच्या चारचा, सौम्य, परका उजेड येत राहतो. सगळं नकली आहे हे कळत असूनही बसल्यावर खांदे सैल होतात. उन्हाने भाजलेल्या या शहरात नकली सावलीलाही सावलीच म्हणायचं, हे मी वीस वर्षांत शिकले आहे.

मी आले होते ऑफिसच्या कामाला. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या कंपनीत प्रशासनाचं काम मी बघते, म्हणजे गाड्यांपासून निरोपसमारंभांपर्यंत ज्याची यादी करता येते ते सगळं माझ्याकडे येतं. आमचे एक इंग्रज इंजिनिअर निवृत्त होऊन त्यांच्या उत्तरेकडच्या गावी परत चालले होते आणि त्यांची एकच अट होती: केक नको, भाषणं नकोत, पण एल, म्हणजे जवाची जुन्या पद्धतीची इंग्लिश बिअर, मात्र खरी हवी. गॅस भरलेली, दात ठणकवणारी बिअर नव्हे. खरी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं आणि माहीत नसलेल्या गोष्टीची ऑर्डर मी देत नाही. म्हणून चव घेऊन ठरवायला आले होते.

पबची दुपारची पाळी फिलोमिनाकडे असते. ती वसईची, आमची ओळख दहा वर्षांची, ऑफिसच्या पार्ट्यांमधून झालेली. वही बघून ती हसली.

"मॅडम, चाखायला आलात की ऑडिटला?"

मी म्हटलं, दोन्ही. मग तिने मला काउंटरजवळच्या उंच खुर्चीवर बसवलं आणि कामाला लागली. काउंटरवर चिनी मातीच्या मुठीचे तीन लांब दांडे होते. ती एकेक दांडा दोन्ही हातांनी सावकाश खाली ओढत होती, गावातला हापसा ओढावा तसा, आणि प्रत्येक ओढीबरोबर ग्लासात थोडं थोडं पेय चढत होतं. ओढता ओढता तिने मला सांगितलं की ही पिंपात जिवंत असते. पिंप आलं की दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, गाळ आपोआप खाली बसू द्यायचा. आपण दही लावलेलं भांडं हलवत नाही ना, तसंच. आणि एकदा उघडलं की तीन दिवसांत संपवायचं, नाहीतर आंबून जातं. इथल्या गिऱ्हाइकांना ते पटत नाही. गार का नाही म्हणून ग्लास परत पाठवतात. "मी सांगते त्यांना, हबीबी, हिला थंडी वाजली की ती बोलत नाही," फिलोमिना म्हणाली आणि तीन छोटे ग्लास बसवलेली लाकडी फळी माझ्यापुढे सरकवली. एक फिकट सोनेरी, एक तांबूस, एक जवळजवळ काळी.

सोनेरी एल हलकी होती. ओल्या गवताचा आणि लिंबाच्या सालीचा वास. वहीत लिहिलं, 'सगळ्यांना चालेल'. मग तांबूस ग्लास उचलला. या प्रकाराला बिटर म्हणतात, असं फिलोमिना म्हणाली. पहिला घोट घेतला आणि पेन खाली ठेवलं.

कडू होती, पण तो कडूपणा मागाहून आला. आधी आलं ते भाजलेलं धान्य. तव्यावर किंचित करपलेल्या भाकरीचा पापुद्रा. आणि त्याच्याही मागून, फार लांबून, हुरडा. आमच्या बार्शीकडे थंडीत ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात, तळहातावर चोळून फुंकर मारतात आणि गरम दाणे तोंडात टाकतात. त्या दाण्याचा गोडवा, धूर, हाताला लागलेली राख. हजारो मैलांवरच्या कुठल्या तरी शेतातल्या जवाने माझ्या जिभेवर हे सगळं आणून ठेवलं. मला परदेशी काहीतरी लागेल असं वाटलं होतं. हे तर घरचं होतं. आणि ज्या क्षणी ते घरचं आहे असं कळलं, त्याच क्षणी, कोणी मागून खांद्यावर हात ठेवावा तशी, अण्णांची आठवण आली.

अण्णा, माझे वडील, बार्शीच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. इंग्लंड त्यांनी कधी पाहिलं नाही. परदेशात आले ते एकदाच, माझ्याकडे. पण त्यांच्या बोलण्यात तिथली गावं, धुकं, घोडागाड्या, रस्त्याकडेच्या खाणावळी अशा सहज यायच्या, जणू सुट्टीत जाऊन आलेत. सातवीच्या पुस्तकात एक धडा होता. त्यात थकलेले प्रवासी संध्याकाळी एका खाणावळीत शिरतात आणि चीज, पाव आणि एल मागतात. दर वर्षी कोणीतरी विचारायचं, सर, एल म्हणजे काय? अण्णा सांगायचे, जवापासून केलेलं पेय. दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, म्हणजे दारू, आणि वर्ग हसायचा. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. त्या गावात, त्या काळात, मास्तरने करायची ती गोष्टच नव्हती. पण एकदा ते मला म्हणाले होते, चौतीस वर्षं मी पोरांना एक वस्तू शिकवली जिची चव मलाच माहीत नाही, हे बरोबर नाही. ते हसत म्हणाले होते. म्हणून मीही हसले होते.

दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, हिवाळ्यात ते तीन आठवडे आमच्याकडे राहायला आले. बावीस तारखांना पुरेल अशी यादी मी फ्रिजवर लावली होती. उंच इमारत, कारंजी, फुलांची बाग, वाळवंट, अबूधाबीला खलिफा सिटीत मावसबहिणीकडे जेवण. एकेक गोष्ट होत गेली तशी मी तिच्यावर रेघ मारत गेले. वाळवंटात गाडीच्या हेलकाव्यांनी त्यांना ओकारी झाली, तरी त्या ओळीवरही रेघ मारलीच. त्यांनी स्वतःहून काही मागितलं नाही. खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीत मात्र त्यांनी दोनदा बसायला लावलं, आणि दुसऱ्या खेपेला पाण्यात बोटं बुडवून ठेवली.

शेवटच्या आठवड्यात, बाल्कनीत चहा घेताना, त्यांनी फार आडवळणाने विषय काढला. इथे इंग्रज पुष्कळ आहेत असं तू म्हणतेस. मग त्यांची ती जुन्या पद्धतीची खाणावळ, तसलं काही असेल का गं? नुसतं बसून बघायचं होतं. आणि मग, कपाकडे बघत: "जमलंच तर एक घोट."

मी म्हणाले, "नाही हो अण्णा. मुसलमानी देश आहे हा. इथे तसलं काही नसतं."

अकरा मिनिटांवर होतं. मी तोवर तिथे ऑफिसबरोबर चारदा जाऊन आले होते.

का म्हणाले, याची कारणं मी नंतर मांडून पाहिली, कारण मांडून पाहणं हा माझा स्वभाव आहे. धाकटा भाऊ संजय काय म्हणेल, ब्याऐंशीव्या वर्षी अण्णांना दारू पाजलीस? महाराष्ट्र मंडळातलं कोणी तिथे बसलेलं असलं तर? मधुमेहाच्या गोळ्या चालतील का? सगळी कारणं खरी होती आणि त्यांतलं एकही खरं नव्हतं. खरं हे की नेहरू शर्ट आणि लेंगा घातलेल्या, कानटोपी खिशात ठेवणाऱ्या, वेटरलाही 'थँक यू, सर' म्हणणाऱ्या माझ्या वडिलांना घेऊन त्या उंच खुर्च्यांमध्ये शिरायची मला लाज वाटली. ती लाज ओळखायला मला वेळ लागला, कारण तिने त्यांच्या प्रतिष्ठेचे कपडे घातले होते.

अण्णांनी मान डोलावली. बरोबर आहे, देशाचे नियम असतात, म्हणाले. माझा मुलगा निनाद आतून हे ऐकत होता. नंतर स्वयंपाकघरात येऊन तो मला हळूच म्हणाला, "मॉम, दॅट वॉज अ लाय." मी त्याला म्हटलं, भांडी पूस.

त्यानंतर अण्णांचे डोळे गेले. एकदम नाही, डोळ्यांचे पडदे विरत गेले, आधी अक्षरं, मग चेहरे. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. सुनीता, माझी भावजय, त्यांचं सगळं नीट करते. शिवाय त्यांचे जुने सहकारी, गणिताचे देशमाने सर, दोन गल्ल्या सोडून राहतात. ते रोज सकाळी येऊन तासभर पेपर वाचून दाखवायचे. अग्रलेखावर भांडायचे, चहा प्यायचे, जायचे. अण्णांचा दिवस त्या तासावर टांगलेला असायचा. पण मागच्या दिवाळीपासून ते यायचे बंद झाले. सुनीता म्हणाली, काहीतरी वाद झालाय ताई, विचारलं तर दोघंही सांगत नाहीत. मी लगेच व्यवस्था केली. बातम्या वाचून दाखवणारं ॲप त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं. अण्णांनी चार दिवस ते ऐकलं आणि बंद केलं. त्या बाईशी भांडता येत नाही, म्हणाले.

हे सगळं त्या तांबूस ग्लासापाशी बसून मनातून जात होतं. काळी एल मी अजून चाखलीही नव्हती. बारमध्ये गर्दी नव्हती. पलीकडच्या टेबलावर दोन म्हातारे इंग्रज वर्तमानपत्र वाटून वाचत होते, अर्धं अर्धं. आणि फोन वाजला. बार्शी. तिकडचे चार वाजले असणार; दुपारच्या झोपेनंतर अण्णांना कधी कधी करमेनासं होतं, मग सुनीता नंबर लावून देते.

नेहमीचं बोलणं झालं. उकाडा किती, निनादची परीक्षा कधी, जावईबापू कसे आहेत. तेवढ्यात त्या दोघांतला एक म्हातारा काउंटरपाशी आला आणि माझ्या खांद्याजवळून, मोठ्या, निवांत आवाजात त्याने अर्धा पाइंट बिटर मागितली. फिलोमिनाने दांडा ओढला. त्याची करकर, ग्लासांचा किणकिणाट. फोनवर अण्णा थांबले. डोळे गेल्यापासून त्यांचे कान फार तीक्ष्ण झाले आहेत.

"मंजू, कुठे आहेस तू?"

ऑफिसच्या कामाला बाहेर आलेय, मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. अशी खोटी नसलेली वाक्यं मला चटकन सुचतात.

"तो माणूस काय म्हणाला आत्ता?"

जिभेवर हुरड्याची चव होती. मग सांगितलं की मी एका पबमध्ये बसले आहे, इंग्लिश पद्धतीच्या, आणि तो माणूस एल मागत होता.

अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एक उत्सुकता होती, लहान मुलाची असते तशी: "म्हणजे आता सुरू झालं का तिथे?"

त्यांनी स्वतःच मला दार उघडून दिलं होतं. हो म्हणायचं, एवढंच. नवीन कायदा झाला, गेल्या वर्षीपासून चालतं. इथे कायदे खरंच बदलत असतात. कोणालाही पटलं असतं. निम्मा 'हो' माझ्या ओठावर आलाही होता. का थांबले, ते मला अजून सांगता येत नाही. सद्गुणाने नव्हे. बहुधा त्या उत्सुकतेमुळे. तिच्यावर आणखी एकदा खोटं ठेवणं मला जमलं नाही.

"नाही, अण्णा. तेव्हाही होतं. तुम्ही आला होतात तेव्हाही होतं. घराच्या जवळच."

मला वाटलं होतं ते विचारतील, मग का नाही नेलंस. त्या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षं तयार करत होते. त्यांनी तो विचारलाच नाही.

"मग देशमाने बरोबर होता," ते म्हणाले.

मला कळेना. मग हळूहळू, एकेक वाक्य पुढे ठेवत, त्यांनी सांगितलं. दिवाळीत देशमाने सरांचा पुतण्या आला होता, तो इकडे शारजाला नोकरीला आहे. त्याने काकांना सांगितलं की दुबईत हॉटेलांमध्ये असे पब पुष्कळ आहेत. देशमाने सरांनी ते आपल्या घरी चहाला जमलेल्या मित्रांपुढे अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, शक्य नाही, माझी मुलगी वीस वर्षं तिथे राहते, तिने मला स्वतः सांगितलंय. देशमाने म्हणाले, तुला न्यायचं नसेल म्हणून सांगितलं असेल. सगळे हसले. अण्णा उठले. उठताना म्हणाले की मंजू खोटं बोलणार नाही, तुझा पुतण्या खोटारडा आहे. काठी घेऊन, भिंत चाचपत एकटे घरी आले. त्या दिवसापासून पेपर बंद.

फिलोमिनाने माझ्याकडे बघितलं, काळ्या ग्लासाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, आणि मग चेहरा पाहून निमूट पलीकडे गेली. सात-आठ महिने. सात-आठ महिन्यांच्या सकाळी, त्या दोन गल्ल्यांच्या दोन टोकांना दोन म्हातारे माझं एक वाक्य मध्ये ठेवून बसले होते, आणि मी इथून ॲप पाठवलं होतं.

मी सरांना फोन करते, आत्ताच करते, मी घाईने म्हणाले. नंबर सुनीताकडे असेल. मी सगळं समजावून सांगते, चूक माझी आहे.

"नको," अण्णा म्हणाले. तो आवाज मी वर्गात ऐकलेला होता. "वाक्य तुझं असेल. पण त्याच्या घरात, चार माणसांत, ते म्हटलं मी. त्याच्या पुतण्याला खोटारडाही मीच म्हटलं. मी जाऊन सांगेन. पाचला ऊन उतरतं, तेव्हा निघतो."

मी म्हटलं, अण्णा, संजय संध्याकाळी येईल, त्याच्याबरोबर जा. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी वेगळंच विचारलं.

"गार असते का गं ती?"

"नाही. फार गार नसते."

"हं," ते म्हणाले. "धड्यातही गार असं कुठे लिहिलेलं नव्हतं." आणि मग: "कशी लागते?"

मी सांगायचा प्रयत्न केला. आधी भाजलेलं धान्य, मग कडू. हुरड्यासारखी, अण्णा. आपल्या आगटीतल्या हुरड्यासारखी. ते पुन्हा 'हं' म्हणाले, पण आता ते माझ्याशी बोलत नव्हते. चौतीस वर्षांच्या कुठल्या तरी वर्गात, मागच्या बाकाला उत्तर देत असावेत. मग म्हणाले, चल, मला तोंड धुवून शर्ट बदलायचाय. फोन ठेवला.

पुढे मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. काळी एलही चाखली; गुळाच्या काहिलीच्या तळाला लागलेल्या खरपुडीसारखी होती, हे वहीत लिहिलं. निरोपसमारंभाची माणसं, वेळ, खाणं ठरवलं. हात आपलं काम करत राहतात, माझे तर नेहमीच. पण नजर सारखी घड्याळाकडे जात होती आणि मी त्यात दीड तास मिळवत होते. साडेतीन झाले, म्हणजे तिकडे पाच. आता ते पायऱ्या उतरत असतील. आता पहिली गल्ली, तिच्यात पिठाच्या गिरणीपुढे उघडं गटार आहे. त्यांचे डोळे शाबूत होते तेव्हा मी त्यांना बसवू शकले असते, इथे, याच खुर्चीवर, तेव्हा त्यांना पितळेची ती चमकती पदकं दिसली असती, एलचा तांबूस रंग दिसला असता. त्यांचं नाव राखायचं म्हणून मी ते टाळलं, असं स्वतःला सांगत आले. आणि आता त्यांचं नाव हातात घेऊन ते स्वतः रस्त्याने चालले होते, दुसऱ्याच्या दारात ते उतरवून ठेवायला.

सव्वाचारला सुनीताचा मेसेज आला. अण्णा देशमाने काकांकडे गेलेत, परत यायची घाई दिसत नाही. मी उठले, फिलोमिनाला थँक यू म्हटलं आणि दार ढकलून उन्हात आले. गटारापाशी त्यांचा हात कोणी धरला, की ते एकटेच भिंत चाचपत गेले, हे सुनीताला माहीत असणार. मी अजून तिला विचारलेलं नाही.